गुडघे टेकलेला सम्राट

राजाचा पुतळा म्हटला की घोडा, तलवार आणि ताठ मान आलीच. व्हिएन्नातील ग्राबेन या भर बाजारातल्या रस्त्यावर सम्राट पहिला लिओपोल्ड मात्र गुडघे टेकून बसला आहे. म्हणूनच मला त्याच्याविषयी कुतूहल वाटते.

१६४० साली जन्मलेला हा धाकटा राजपुत्र खरे तर धर्मगुरू व्हायचा. पण १६५४ साली थोरला भाऊ देवीने गेला आणि १६५८ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, लिओपोल्ड सम्राट झाला. संगीताचे त्याला वेड. स्वतः रचनाही करी. भक्ती मोठी, पण मन मोठे नव्हते. १६७० साली त्याने शहरातल्या ज्यूंना हाकलून दिले.

१६७९ साली, आपल्याकडे शिवाजी महाराज हयात असताना, व्हिएन्नात प्लेग शिरला. सम्राटाने शहर सोडले. साथ हटली तर पवित्र त्रैक्याचा स्तंभ उभारीन, असा नवस त्याने केला. त्याच वर्षी लाकडी स्तंभ उभा राहिला. संगमरवरी व्हायचा होता, तोच १६८३ साली तुर्कांचा वेढा पडला. सम्राट पुन्हा बाहेर, पासाउला! शहर वाचवले ते पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच्या नेतृत्वाखालील फौजांनी.

दगडी स्तंभ पुरा व्हायला १६९० चे दशक उजाडले. पहिला शिल्पकार राउखमिलर १६८६ मध्येच वारला. पुढे फिशर फॉन एर्लाख, बुर्नाचिनी आणि पाउल स्ट्रुडेल यांनी काम केले. देव एक, पण व्यक्ती तीन, हे दगडात सांगायचे कसे? आपल्या दत्तमूर्तीसारखी एका धडावर तीन मुखे चर्चला मान्य नव्हती. म्हणून शिखरावर पिता, पुत्र आणि कबुतराच्या रूपातला पवित्र आत्मा वेगवेगळे घडवून सोन्याच्या एकाच तेजोवलयात बांधले. स्तंभाच्या बाजूही तीनच. त्याखाली ढग, देवदूत, मग लिओपोल्ड. आणि अगदी तळाशी ढकलली जाणारी प्लेगची म्हातारी.

स्ट्रुडेलने त्याचा पुढे आलेला ओठही लपवला नाही. १७०५ साली लिओपोल्ड गेला. दोनदा शहर सोडणाऱ्या राजाला मी शूर म्हणणार नाही आणि ज्यूंवरचा अन्याय नवसाने फिटत नाही. परंतु संकट टळल्यावर स्वतःची पाठ थोपटून घेण्याऐवजी भर रस्त्यात कायमचे गुडघे टेकून राहायला किती सत्ताधीश तयार होतील?