बेटावरचे पक्षीनिरीक्षक : हाइनरिश गेट्के (१८१४–१८९७)

हेलिगोलँड हे उत्तर समुद्रातलं चिमुकलं बेट. जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटर दूर. १८३७ मध्ये हाइनरिश गेट्के हा जर्मन तरुण इथे समुद्राची चित्रं काढायला आला आणि इथलाच झाला. पुढे ते बेटावरच्या ब्रिटिश कारभारात सरकारी सचिव झाले.

शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले पक्षी विसाव्याला या बेटावर उतरत. रात्री दीपगृहाच्या उजेडाभोवती थवेच्या थवे घिरट्या घालत. बेटावरचे लोक पक्षी पकडून खात. पण एखादा वेगळा पक्षी मिळाला की गेट्केंना आणून देत. कोणता पक्षी, कधी आला, वारा कसा होता, हे सगळं ते लिहून ठेवत. तेही जवळपास ५० वर्षं! त्यातूनच १८९१ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. त्यात सुमारे ४०० जातींची माहिती आहे.

पक्षी किती वेगाने उडतात, याबद्दलचे त्यांचे अंदाज पुढे चुकीचे ठरले. नोंदी मात्र टिकल्या. १९१० मध्ये त्याच बेटावर पक्षी-अभ्यास केंद्र सुरू झालं.

आपल्याकडेही थंडीत धोबी पक्षी पाहुणा म्हणून येतो. मुलांच्या हाती एक वही द्या : तारीख, वारा, पक्षी. अंदाज चुकला तरी चालेल, नोंद खरी हवी.