गाणं मध्येच तुटतंय? एर्लांग यांचं गणित बघा

डाउनलोड केलेलं एकच गाणं एका लॅपटॉपवर मस्त वाजतं, दुसऱ्यावर मध्येच तुटतं. सीपीयू तर जवळपास रिकामा! नवीन लॅपटॉप घ्यावा का, असं कोणी विचारलं की मी आग्नर एर्लांग यांची गोष्ट सांगतो.

जन्म 1878, डेन्मार्क. वडील शाळामास्तर. स्वतःही आधी शाळेत शिकवलं, मग 1908 मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागले. प्रश्न होता, लोकांना ताटकळत ठेवायचं नसेल तर लाइन्स किती हव्यात? कॉल काही वेळ ठरवून येत नाहीत, कधी एकदम गर्दी होते. नुसती सरासरी बघून भागत नाही, हे त्यांनी 1909 आणि 1917 च्या लेखांत गणिताने मांडलं. 1929 मध्ये, अवघ्या 51 व्या वर्षी ते गेले. टेलिफोन ट्रॅफिकच्या एककाला आज त्यांचं नाव आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर ज्या भाषेत लिहिला, तीही एर्लांगच.

लॅपटॉपमध्येही हेच होतं. सीपीयू सरासरीने रिकामा असला, तरी एखाद्या ड्रायव्हरने क्षणभर रांग अडवली की ऑडिओचा बफर संपतो आणि आवाज तुटतो. म्हणून आधी प्लेयरच्या सेटिंगमध्ये बफर वाढवा. तरीही तुटलं, तर वाय-फाय बंद करून तेच गाणं लावा. आता नीट वाजलं? मग वाय-फायचा ड्रायव्हर अपडेट करा. लॅपटॉपचे पैसे वाचले!