महात्माजींचे ‘अवघड जागेचे दुखणे’

अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. मूळव्याध, फिशर, भगंदर यांचे नावही चारचौघांत घेतले जात नाही. भोर, वेल्ह्याच्या डोंगरी गावांतील रुग्ण तर असे दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढतात आणि अगदीच असह्य झाले की पुण्याची वाट धरतात. महात्मा गांधी यांनी मात्र हेच दुखणे आपल्या आत्मकथेत कोणताही आडपडदा न ठेवता नोंदवले आहे.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेले मोहनदास करमचंद गांधी दक्षिण आफ्रिकेतील लढा आटोपून जानेवारी १९१५ मध्ये मायदेशी परतले. १९१८ च्या उन्हाळ्यात सैन्यभरतीच्या प्रचारासाठी त्यांनी खेडा जिल्ह्यात मैलोन्‌मैल पायपीट केली. आधीच खालावलेल्या प्रकृतीवर ऑगस्टमध्ये आमांशाचा घाला पडला. चोवीस तासांत तीस-चाळीस वेळा शौचास जावे लागत होते. तरीही औषधास त्यांचा ठाम नकार होता. इंजेक्शन म्हणजे प्राण्यांपासून काढलेली लसच, अशी त्यांची समजूत होती आणि ती चुकीची होती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. केळकर नावाच्या एका महाराष्ट्रीय गृहस्थाने आश्रमात येऊन अंगभर बर्फ ठेवण्याचा उपचार केला, तेव्हा कोठे थोडी उभारी आली. त्याच केळकरांनी सुचवलेली निर्जीव अंडी मात्र त्यांनी नाकारली.

हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेण्यात आले. तेथील जड पाणी त्यांना मानवले नाही. आमांशामुळे गुदद्वार अत्यंत नाजूक झाले होते, त्यास चिरा पडल्या होत्या आणि शौचाच्या वेळी प्राणांतिक वेदना होत. खाण्याच्या कल्पनेनेही ते धास्तावत. आठवडा संपण्याआधीच माथेरान सोडावे लागले.

अनेक चरित्रकारांनी या दुखण्याला मूळव्याध म्हटले आहे. मूळव्याधीत गुदमार्गातील रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजतात आणि बहुधा न दुखता रक्त पडते. फिशरमध्ये अस्तराला चीर पडते. वेदनेने स्नायू आवळला जातो, रक्तपुरवठा घटतो आणि चीर भरून येत नाही. गांधीजींनी केलेले वर्णन फिशरचे आहे. शौच मऊ ठेवणे, कोमट पाण्यात बसणे आणि मलम यांनी पुष्कळ रुग्ण बरे होतात. न झाल्यास त्या आवळलेल्या स्नायूचा थोडा भाग कापून तो सैल करण्याची छोटी शस्त्रक्रिया आज केली जाते.

मुंबईत शंकरलाल बँकर यांच्या आग्रहावरून डॉ. दलाल यांना पाचारण करण्यात आले. दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. लोह आणि सोमलाची इंजेक्शने घेण्यास आता गांधीजींची तयारी होती. अडचण दुधाची होती. गाईम्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रकारांमुळे १९१२ मध्ये त्यांनी दूध वर्ज्य केले होते. शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट दाखवली. डॉक्टरांनी ती तत्काळ उचलून धरली. गांधीजी नमले. प्रतिज्ञेचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही बोच त्यांना कायम राहिली. कस्तुरबांच्या व्यवहारी बुद्धीने त्या दिवशी एक जीव वाचवला, असे म्हणण्यास मात्र हरकत नसावी.

दूध सुरू झाल्यावर जानेवारी १९१९ मध्ये डॉ. दलाल यांनी केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली. जगण्याची आस परतली. बरे होत असतानाच रौलट समितीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. २४ फेब्रुवारीस साबरमती येथे सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार झाली, तेव्हा शस्त्रक्रियेला जेमतेम महिना झाला होता. उभे राहून बोलताना सारे अंग थरथरत असे. तरीही त्यांनी दौरे केले आणि ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला.

पुढे येरवडा कारागृहात असताना १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ५ फेब्रुवारीस त्यांची मुक्तता झाली. शेळीचे दूध मात्र ३० जानेवारी १९४८ पर्यंत सुटले नाही.