सरासरीपलीकडे पाहणारे कोसंबी

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या गजबजलेल्या बाजारात नाणे हातोहात फिरते आणि प्रत्येक व्यवहारात कणभर झिजते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मात्र तिच्यातून इतिहास वाचला.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे त्यांचा जन्म झाला. बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवी घेऊन ते मायदेशी परतले आणि बनारस, अलीगढ करीत १९३३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. संख्याशास्त्र आत्मसात करण्यासाठी त्यांनी विषय निवडला तो चांदीच्या प्राचीन आहत नाण्यांचा. हजारो नाणी त्यांनी तोलली. पडताळणीसाठी चलनातील नाणीही तोलली. नाणे जितके जुने तितके हलके, हे कोणीही सांगेल. पण काळ लोटतो तशी एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतील तफावतही वाढत जाते, आणि ती तफावत मोजता येते, हे कोसंबींनी आकड्यांनिशी मांडले.

तफावतीचा हाच प्रश्न आज रसायनशास्त्रज्ञांपुढे निराळ्या रूपात उभा आहे. औषधी रेणूची किंवा बॅटरीतील पदार्थाची ऊर्जा संगणकावरील न्यूरल नेटवर्क क्षणार्धात वर्तवते. मात्र कधीही न शिकलेला रेणू समोर आला तरी ते तितक्याच ठामपणे आकडा देते. म्हणून वेगवेगळ्या रीतीने शिकवलेल्या अनेक नेटवर्कना एकच रेणू दिला जातो. उत्तरे पांगली, तर क्वांटम गणिताकडे अथवा प्रयोगशाळेकडे वळणे भाग पडते. उत्तरे जुळली तरी निर्धास्त होता येत नाही, कारण सारी नेटवर्क मिळून एकच चूक करू शकतात.

ही पद्धत कोसंबींची नव्हे. परंतु १९४३ मध्ये त्यांनी यदृच्छेने बदलणाऱ्या वक्ररेषेचे परस्परांशी निगडित नसलेल्या घटकांत विघटन करण्याची जी रीत मांडली, ती पदार्थांच्या गुणधर्मांतील अनिश्चितता मोजण्यासाठी आजही वापरली जाते. पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे शोधली व जगभर त्यांच्याच नावाने ती रूढ झाली. कोसंबींचे नाव त्यांच्या आधी जोडणारे थोडेच.

होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पुण्यातले घर त्यांनी सोडले नाही; डेक्कन क्वीनने ये-जा चालू राहिली. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार आणि शांतता चळवळीतील सहभाग यांमुळे संस्थेशी खटके उडत होतेच. त्यात १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा केला, तोही कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकातून. मूळ संख्या यदृच्छेने विखुरल्याप्रमाणे वागतात, या आधारावर तो उभा होता. जे जवळजवळ सर्वत्र खरे, ते या एका ठिकाणी खरे असेलच असे नाही, हा फरक त्या युक्तिवादाला ओलांडता आला नाही. तफावत मोजण्यात हयात घालवलेल्या गणितज्ञाने आपल्याच निष्कर्षाभोवती ती ठेवू नये, हे चटका लावणारे आहे. गणितज्ञांनी सिद्धता मान्य केली नाही आणि १९६२ मध्ये संस्थेतील त्यांची नेमणूक संपुष्टात आली.

अखेरची वर्षे त्यांनी पुण्यातच लेखन-संशोधनात घालवली. २९ जून १९६६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.