१४ व्या वर्षी बाळ गेलं, पुढे आनंदीबाईंनी बाळंतपणावरच प्रबंध लिहिला

पहिलटकरणीला नववा महिना लागला की आजूबाजूच्या बाया आपापल्या बाळंतपणाच्या गोष्टी सुरू करतात. निम्म्या गोष्टी ऐकूनच तिच्या अंगावर काटा येतो. पण कळा कशा येतात, त्या वेळी काय करायचं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. नाकाडोंगरी असो नाहीतर पुणे, भीती सगळीकडे सारखीच.

दीडशे वर्षांपूर्वी याच भीतीला सामोरी गेलेली एक मुलगी पुढे डॉक्टर झाली. तिचं नाव आनंदीबाई जोशी.

१८६५ चा जन्म. माहेरचं नाव यमुना, घराणं कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. त्या काळी पुरुष डॉक्टरला दाखवायची बायकांना लाज वाटायची आणि बाई डॉक्टर मिळायची नाही. आपणच डॉक्टर व्हायचं, हे आनंदीबाईंनी ठरवलं.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. प्रबंधासाठी विषय घेतला, हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. त्यात आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथांचाही आधार होता.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. व्हिक्टोरिया राणीने अभिनंदन कळवलं. गंमत म्हणजे याच राणीने १८५३ मध्ये स्वतःच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं होतं. म्हणजे कळा कमी करायचा उपाय तेव्हाही होता, पण तो राजवाड्यात.

औषधाशिवायचा मार्ग चर्चेत आला तो १९३३ मध्ये. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी मांडलं की भीती वाटली की अंग आखडतं, अंग आखडलं की कळ जास्त दुखते आणि दुखलं की भीती आणखी वाढते. म्हणून आईला आधीच सगळं समजावून सांगा, श्वास घ्यायला आणि अंग सैल सोडायला शिकवा. आजच्या प्रसूतीपूर्व वर्गांचं मूळ इथे आहे.

यामुळे वेदना संपतात का? नाही. किती कमी होतात, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण माहिती असली की भीती कमी होते आणि कळा सुरू असताना सतत कुणी सोबत असेल तर वेदनाशामक औषधाची गरज कमी पडते, हे दिसून आलंय. गरज पडली तर औषध घेण्यात कमीपणाही नाही.

आनंदीबाईंना मात्र हे काम करायला मिळालंच नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी ठरली होती, पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं.

आज गावात आशाताई घरी येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथे गेल्यावर फक्त वजन आणि रक्तदाब मोजून परत येऊ नका. कळा सुरू झाल्या हे कसं ओळखायचं, दवाखान्यात कधी निघायचं, श्वास कसा घ्यायचा, सोबत कोण थांबू शकतं, हे सगळं विचारा. चौदा वर्षांच्या आनंदीला हे विचारायची सोय नव्हती.