शुभ्रतेचा साधक : ॲन्सेल ॲडम्स

बर्फ मी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे पहाटेचे धुके, शेकोटी आणि हुरडा. पण अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांची हिमाच्छादित पर्वतांची कृष्णधवल चित्रे पुस्तकात पाहिली आणि गारठा अक्षरशः अंगाला झोंबला. केवळ काळ्या-पांढऱ्या छटांतून ही किमया त्यांनी कशी साधली, हे जाणून घ्यावेसे वाटले.

ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९०६ च्या भूकंपात पडून त्यांचे नाक मोडले, ते जन्मभर वाकडेच राहिले. चंचल स्वभावामुळे शाळेत त्यांचे जमेना. तेव्हा वडिलांनी त्यांना शाळेतून काढून घरीच शिकवले. औपचारिक शिक्षण आठवीपर्यंतच. बाराव्या वर्षी त्यांना पियानोचा छंद लागला आणि रोजच्या कठोर रियाजाने या अवखळ मुलाला शिस्त लावली. १९१६ मध्ये आईवडिलांबरोबर ते योसेमिटीच्या खोऱ्यात गेले. तेथे हाती आलेला कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

१० एप्रिल १९२७ हा त्यांच्या जीवनातील महत्त्वाचा दिवस. पाठीवर अवजड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन, बर्फ तुडवीत ते 'हाफ डोम' या प्रचंड कड्यासमोर पोहोचले. तोवर दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली. पण लगेच ध्यानात आले की, या चित्रात आकाश फिकट उतरेल आणि कड्याची भव्यता हरवेल. मग शेवटच्या प्लेटेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. त्यामुळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि त्यापुढे कडा व बर्फ उजळून उठले. चित्र आधी मनात पूर्ण पाहायचे आणि मगच कॅमेऱ्याला हात लावायचा, हा धडा त्यांना येथे मिळाला.

बर्फाचे चित्रण अवघड का, हेही त्यांच्या कार्यातून उमगते. प्रकाशमापकाला समोर बर्फ आहे की कोळसा, हे कळत नाही. तो प्रत्येक वस्तू मध्यम करडी धरून चालतो. त्याचे निमूट ऐकले, तर बर्फ राखेसारखा उतरतो. उलट प्रकाश फार दिला, तर बर्फाचे कण नाहीसे होऊन कोरा कागद उरतो. १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासह ॲडम्स यांनी यावर 'झोन पद्धती' बसवली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या. दर पायरीला प्रकाश दुप्पट. मापक सर्व काही पाचव्या पायरीवर आणतो. उन्हातला, पोत दिसणारा बर्फ सातव्या-आठव्या पायरीवर हवा. म्हणजे मापक सांगेल त्याच्या चौपट ते आठपट प्रकाश द्यायचा! आजच्या मोबाइलवरही धुक्याचे चित्र मळकट वाटले, तर उजेड थोडा वाढवावा लागतो. त्यामागचे तत्त्व हेच.

रचनेच्या बाबतीत त्यांचे १९४४ चे लोन पाइन येथील हिवाळी सूर्योदयाचे चित्र अभ्यासण्याजोगे आहे. वर उजळलेली हिमशिखरे, मध्ये काळोखी टेकडी, खाली कुरणावर उन्हाची तिरीप आणि चरणारा एक घोडा. मधल्या अंधारामुळेच शिखरे अधिक शुभ्र भासतात. कडाक्याच्या थंडीत चार पहाटे वाया गेल्या. पाचव्या दिवशी ऊन हवे तसे पडले, पण घोडा पाठ करून उभा! अगदी अखेरच्या क्षणी तो वळला आणि चित्र साधले. टेकडीवर शाळकरी मुलांनी रंगवलेली गावाची आद्याक्षरे मात्र त्यांनी चित्रातून पुसली. काहींना हे खटकते. मलाही थोडे खटकते.

जग युद्धात होरपळत असता हे डोंगर कसले टिपतात, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. पण त्याच काळात, लोन पाइनजवळच्या मॅन्झानार छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या सुमारे दहा हजार लोकांचे जीवनही ते टिपत होते. त्या चित्रांचे पुस्तक त्यांनी १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच प्रसिद्ध केले. यास धैर्य लागते.

२२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी योसेमिटीतील एका शिखराला त्यांचे नाव देण्यात आले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे शाळा सोडूनही माणूस थोर होतो, एवढाच बोध या चरित्रातून घेणे मला परवडणारे नाही. त्यांच्या घरी पियानो होता, शिकवणारे वडील होते. घेण्यासारखी आहे ती त्यांची साधना. यंत्राने दिलेले उत्तर डोळे झाकून न स्वीकारता, आपल्याला काय दिसले ते आधी ठरवावे आणि त्यासाठी पाचव्या पहाटेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. परीक्षेत असो वा जीवनात, ही तयारी ज्याची त्यानेच करायची असते.