रमाबाई रानडे : रोजच्या धड्यातून घडलेले जीवन

पाडव्याला मोठा संकल्प करावा आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत तो विसरून जावा, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव आहे. माणूस एकाएकी बदलतो, अशी आपली समजूत असते. ज्यांच्या आयुष्याने या समजुतीस उत्तर दिले, त्या रमाबाई रानडे यांचे चरित्र मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात आठवावेसे वाटते.

सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव, माहेर कुर्लेकरांचे. १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. माधवरावांची प्रथम पत्नी निवर्तली होती आणि ते स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. तरीही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली व कुमारिकेशी लग्न केले. त्याबद्दल त्यांना लोकनिंदा सोसावी लागली आणि ती अगदी निराधार होती असे म्हणता येणार नाही.

वधूला अक्षरओळख नव्हती. पुण्यास आल्याबरोबर माधवरावांनी धडा सुरू केला. दिवसभर कोर्टाचे काम, सार्वजनिक खटपटी आणि रात्री पत्नीची पाटी, असा क्रम चालला. पुढे शिक्षिकाही ठेवण्यात आली. मराठी पक्की झाल्यावर इंग्रजी आले आणि खरी कसोटी तेथेच लागली. मोठ्या एकत्र कुटुंबातील वडील स्त्रियांना सुनेचे वाचन मानवण्यासारखे नव्हते. टोमणे, अबोला, हेटाळणी हे नित्याचे झाले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, घरकामात कसूर केली नाही आणि धडाही बुडू दिला नाही. बंड करून घर सोडण्यापेक्षा हे सोपे होते, असे ज्याला वाटत असेल त्याने एक महिनाभर तसे वागून पाहावे.

१८७८ साली नाशिकला बदली झाली व थोडी मोकळीक मिळाली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायका एकत्र जमवाव्यात, त्यांना शिक्षणाचे दोन शब्द सांगावेत, इतकाच आरंभ. जुन्याच चालीत नवा आशय घातल्यामुळे कोणी बिचकले नाही. त्यांचे पहिले जाहीर भाषण नाशिकच्या हायस्कुलात झाले, तेही माधवरावांनी लिहून दिलेले. पुढे १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज निघाला आणि रमाबाई तेथे नेमाने जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल मागणाऱ्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. घरी परतल्यावर बोलणी खावी लागली, परंतु १८८४ साली हुजूरपागेची शाळा उघडली.

आपणा परप्रांती राहणाऱ्यांनी विशेष ध्यानी धरावा असा प्रसंग कलकत्त्याचा. १८८६ साली सरकारच्या अर्थसमितीवर नेमणूक झाल्याने माधवराव सपत्नीक तेथे गेले. काही महिन्यांचाच मुक्काम, तरी त्यांनी बंगाली पुस्तके आणविली आणि दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्याला अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारावयास सुरुवात केली. एवढा मोठा न्यायाधीश न्हाव्याचा शिष्य झालेला पाहून रमाबाईंना हसू आले, थोडा संकोचही वाटला. मात्र त्याही बंगाली वाचू लागल्या. बदलीवर इकडे आलेल्या माझ्यासारख्याने के. आर. पुरमच्या बाजारात केवळ ‘एष्टु’ या एका कन्नड शब्दावर वर्षे काढावीत, याची हा प्रसंग वाचताना लाज वाटते. दिवसाला एक शब्द घेतला असता तरी एव्हाना शेजाऱ्यांचे वर्तमानपत्र वाचता आले असते.

१९०१ च्या जानेवारीत माधवराव गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. ज्यांच्या हाताला धरून अक्षरे गिरविली तेच नाहीसे झाले. वर्षभर त्या पुण्यात जवळजवळ एकांतात राहिल्या. पतीच्या आग्रहाखातर लागलेल्या सवयी पतीमागे गळून पडल्या असत्या, तर नवल नव्हते. परंतु सत्तावीस वर्षांत त्या सवयी त्यांच्या स्वतःच्या होऊन गेल्या होत्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन स्त्री-कैद्यांची विचारपूस करू लागल्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे राहिले.

सेवासदनाची रीतही तीच. प्रौढ स्त्रियांसाठी लहानसे वर्ग, मग शिवण, मग शिक्षिकांचे शिक्षण, मग ससून रुग्णालयात परिचारिकांची तयारी. पांढरपेशा घरातील विधवेने रुग्णसेवा करणे तेव्हा हलके मानले जाई. रमाबाईंनी वाद घालण्याऐवजी एकेका घरी जाऊन एकेक मुलगी मिळविली. १९१० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाटी हाती धरण्यापासून ज्यांनी सुरुवात केली त्यांचे ते पुस्तक मराठी आत्मचरित्रांत मानाचे स्थान मिळवून आहे. पुढे पुण्यातील मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून त्या चळवळीत उतरल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आजच्या वाचकास त्यांची सोशीकता कधी कधी खुपते. त्यांनी अधिक स्पष्ट बोलावयास हवे होते, असे आमच्या घरातील मुलीही म्हणतात. त्यांचे म्हणणे मला पटते. पण त्या मुली हे बोलू शकतात, शिकू शकतात, यामागे त्या रोजच्या धड्याचाही काही वाटा आहे. आपल्या घरी मुलांना मराठी वाचता येत नाही, अशी तक्रार मंडळाच्या प्रत्येक बैठकीत होते. रात्री जेवणानंतर एक पान मोठ्याने वाचावे, इतक्यापासून आरंभ करता येईल. आम्ही घरी तो केला आहे, आणि त्याच पानानंतर एक कन्नड शब्दही.